घड्याळाला पत्ता कोण सांगतं?

पहाटे नागपुरात अंबाझरी किंवा फुटाळ्याच्या तलावाकडे गेलात, तर धावायला आलेल्या माणसांकडे जरा नीट बघा. बुटांच्या नाड्या बांधून झाल्या, अंग मोकळं करून झालं, तरी काही जण निघतच नाहीत. मनगटावरच्या घड्याळाकडे बघत नुसते उभे असतात. थोडा वेळ जातो, घड्याळ बारीकसं थरथरतं आणि मग गडी सुसाट सुटतो. एवढा वेळ तो कशाची वाट बघत होता? आपल्या घड्याळाला आकाशातून येणारे संदेश ऐकू येण्याची!

हे असतं जीपीएसचं घड्याळ. तुम्ही किती धावलात, कुठून कुठे गेलात, किती वेगानं गेलात, हे सगळं ते सांगतं. घरी आल्यावर नकाशावर तुमच्या वाटेची रंगीत रेघसुद्धा काढून दाखवतं. मग प्रश्न पडतो, की त्याला हे सांगतं कोण?

बहुतेकांना वाटतं, आकाशातला उपग्रह आपल्याला वरून बघतो आणि घड्याळाला कळवतो, ‘हा बघ, हा मुलगा आता लॉ कॉलेज चौकात पोचला.’ मोठ्या माणसांनाही असंच वाटत असतं. खरी गोष्ट अगदी उलटी आहे. तुम्ही या जगात आहात, हेच मुळी त्या उपग्रहाला माहीत नसतं. घड्याळ त्याला काहीही विचारत नाही, काहीही कळवत नाही. ते फक्त ऐकतं. आणि उपग्रह दिवसरात्र एकच धोशा लावून बसलेला असतो: ‘माझ्या घड्याळात आत्ता इतके वाजलेत, आणि मी आकाशात अमुक जागी आहे. माझ्या घड्याळात आत्ता इतके वाजलेत, आणि मी...’

झालं! एवढ्या माहितीवर तुमचं घड्याळ तुमचा पत्ता शोधून काढतं. मला तर ही माणसानं केलेल्या सगळ्यात सुंदर युक्त्यांपैकी एक वाटते. कशी ते बघा.

पावसाळ्यात वीज चमकली, की आपण एक, दोन, तीन असे आकडे मोजतो ना? गडगडाट ऐकू येईपर्यंत तीन सेकंद गेले, तर वीज साधारण एक किलोमीटरवर पडली. आवाजाला यायला किती वेळ लागला, त्यावरून तो किती लांबून आला ते कळतं. घड्याळ नेमकं हेच करतं. उपग्रहानं संदेश किती वाजता सोडला ते त्या संदेशातच असतं. तो आपल्यापर्यंत किती वाजता पोचला ते घड्याळ बघतं. मधल्या वेळाला वेगानं गुणलं की मिळालं अंतर.

पण इथे आवाजाऐवजी रेडिओलहर आहे आणि ती सेकंदाला ३ लाख किलोमीटर धावते. जीपीएसचे उपग्रह आपल्यापासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. एवढ्या लांबून निघालेल्या त्या लहरीला तुमच्या मनगटावर यायला एका सेकंदाच्या शंभर भागांपैकी जेमतेम सात-आठ भाग लागतात. ‘एक’ म्हणायलासुद्धा वेळ नाही!

बरं, अंतर कळलं. पण अंतर म्हणजे पत्ता नव्हे. त्यासाठी नागपूरचा नकाशा आणि कंपास घ्या. समजा मी सांगितलं, ‘मी झिरो माइलपासून सरळ रेषेत ३ किलोमीटरवर आहे.’ मग मी कुठेही असू शकेन. झिरो माइलभोवती ३ किलोमीटरचं वर्तुळ काढा, त्या वर्तुळावर कुठेही. आता मी दुसरी खूण देते, ‘दीक्षाभूमीपासून मी २ किलोमीटरवर आहे.’ काढा दुसरं वर्तुळ. दोन्ही वर्तुळं एकमेकांना फक्त दोन ठिकाणी छेदतील. म्हणजे मी त्या दोनपैकी एका जागी. तिसऱ्या एखाद्या ठिकाणापासूनचं अंतर सांगितलं, की दोनातली एक जागा बाद, आणि मी सापडले!

आकाशात सपाट वर्तुळांऐवजी मोठमोठे गोल असतात, एवढाच फरक. तीन उपग्रहांचे तीन गोल जिथे भेटतात, तिथे तुम्ही. प्रत्यक्षात मात्र घड्याळाला चौथा उपग्रहही लागतो. का? उपग्रहात असतं अणुघड्याळ, अतिशय अचूक आणि अतिशय महाग. तुमच्या मनगटावरचं बिचारं क्वार्ट्झचं. ते सेकंदाच्या हजाराव्या भागानं जरी चुकलं, तरी हिशेबात ३०० किलोमीटरचा फरक पडेल. तुम्ही नागपुरात धावताय आणि घड्याळ तुम्हाला जबलपूरच्याही पलीकडे नेऊन ठेवतंय! म्हणून चौथ्या उपग्रहाच्या मदतीनं घड्याळ स्वतःची वेळही सुधारून घेतं. जागा आणि वेळ, दोन्ही कोडी ते एकदमच सोडवतं. पहाटे उभ्या असलेल्या त्या गड्याचं घड्याळ हेच करत होतं.

आता यात आइनस्टाइन कुठून आले ते ऐका. त्यांनी सांगितलं होतं, की वेगानं जाणारं घड्याळ हळू चालतं आणि पृथ्वीच्या ओढीपासून लांब गेलेलं घड्याळ भरभर चालतं. उपग्रहावर दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडतात. सगळं मिळून तिथलं घड्याळ रोज एका सेकंदाच्या दहा लाख भागांपैकी ३८ भागांनी पुढे जातं. वाटतं, त्यानं काय होतंय? गुणाकार करून बघा. रोज ११ किलोमीटरहून जास्त चूक! बर्डीत उभं राहिलं, तर एका दिवसात घड्याळ आपल्याला वाडीच्याही पुढे पोचवेल. म्हणून उपग्रहांतली घड्याळं मुद्दाम तेवढी मंद लावून मगच वर पाठवतात. आइनस्टाइन यांचं समीकरण रोज सकाळी आपल्याबरोबर फुटाळ्याला चक्कर मारतं म्हणायचं!

जीपीएस ही अमेरिकेची यंत्रणा. तिचा पहिला उपग्रह १९७८ मध्ये उडाला आणि १९९५ मध्ये सगळी यंत्रणा पुरती सुरू झाली. सुरुवातीला सामान्य लोकांसाठी तिच्या संदेशात मुद्दाम चूक मिसळलेली असायची, जागा शंभरेक मीटर इकडेतिकडे दिसायची. मे २००० मध्ये ती भेसळ बंद झाली, आणि म्हणून तर मनगटावरचं घड्याळ उपयोगाचं झालं. आता आपल्या इस्रोचीही अशी यंत्रणा आहे. तिचं नाव नाविक. तिचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी गेला. २९ मे २०२३ रोजी गेलेल्या एनव्हीएस-०१ या उपग्रहात तर भारतात बनवलेलं अणुघड्याळ आहे, आणि मोबाइल, घड्याळ अशा लहान उपकरणांना सोपी जाईल अशी नवी लहरही तो पाठवतो.

आता आकाशातून जरा खाली या, आपल्या झिरो माइलपाशी. ते चार घोडे आणि तो दगडी खांब बसमधून जाताना तुम्ही पाहिलाच असेल. तिथे खाली उतरून कधी वाचलंय काय लिहिलंय ते? जीटीएस, स्टँडर्ड बेंचमार्क, १९०७. जीटीएस म्हणजे भारताची मोठी त्रिकोणमितीय मोजणी. आणि बेंचमार्क म्हणजे जिची समुद्रसपाटीपासूनची उंची पक्की मोजून ठेवलेली आहे अशी खूण. ही उंची आहे सुमारे १०२० फूट, म्हणजे ३११ मीटर. आजूबाजूच्या जागा किती उंच आणि किती खोल, ते या खुणेवरून ठरवायचं.

ही मोठी मोजणी सुरू केली विल्यम लॅम्बटन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं, १८०२ मध्ये, मद्रासजवळ. त्यांच्याकडे उपग्रह नव्हते, पण युक्ती आपल्या घड्याळाच्या चुलत बहिणीसारखी होती. आधी जमिनीवर एक सरळ रेघ अगदी काटेकोर मोजायची. मग तिच्या दोन्ही टोकांवरून लांबच्या टेकडीकडे बघून कोन मोजायचे. एक बाजू आणि दोन कोन कळले, की आख्खा त्रिकोण कळतो (सातवी-आठवीच्या भूमितीत हे येतंच). त्या त्रिकोणाच्या बाजूवर दुसरा त्रिकोण, त्याच्यावर तिसरा, असं करत करत ते उत्तरेकडे सरकत राहिले. लॅम्बटन कोनांवरून जागा शोधत आणि घड्याळ अंतरांवरून शोधतं. पक्क्या ठिकाणांवरून नवं ठिकाण शोधायचं, हा धागा दोघांचाही.

आणि कष्ट किती! मद्रासची ती पहिली साडेसात मैलांची रेघ शंभर फुटी साखळीनं मोजायला त्यांना ५७ दिवस लागले. साडेसात मैल म्हणजे १२ किलोमीटर, आज धावणारे काका ते तासाभरात मोजून घरी चहा प्यायला हजर. कोन मोजायचं यंत्र, थिओडोलाइट, होतं अर्ध्या टनाचं. ते उचलायलाच कितीतरी माणसं लागायची. एकदा तंजावरच्या मंदिरावर चढवताना दोर तुटला आणि ते भिंतीवर आदळलं. लॅम्बटन तंबूत जाऊन बसले आणि त्यांनी कित्येक आठवडे खपून ते पुन्हा सरळ केलं.

वीस वर्षं अशीच गेली. सत्तरीला टेकलेले लॅम्बटन हैदराबादहून आपला मुक्काम हलवून नागपूरकडे निघाले होते. वाटेत हिंगणघाटला, २० जानेवारी १८२३ रोजी, त्यांनी शेवटचा श्वास घेतला. नागपूर जेमतेम ७५ किलोमीटर राहिलं होतं. त्यांची कबर आजही हिंगणघाटला आहे. वर्ध्याकडे किंवा हैदराबाद रस्त्यानं कधी गेलात, तर आईबाबांना म्हणा गाडी थांबवायला. मला वाटतं, जीपीएसचं घड्याळ घालणाऱ्या प्रत्येकानं एकदा तिथे जावं.

नागपूर या मोजणीच्या गोष्टीतून अजूनही बाहेर पडलेलं नाही बरं का. इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणानं मिळून विमानांसाठी ‘गगन’ नावाची यंत्रणा उभारली आहे. तिची देशभरात १५ संदर्भ केंद्रं आहेत, त्यांतलं एक नागपुरात आहे. या केंद्राचं काम भारी गमतीचं आहे. आपण कुठे आहोत, हे त्याला आधीच अगदी अचूक माहीत असतं. तरीही ते जीपीएस ऐकतं आणि बघतं, की आज जीपीएस मला कुठे दाखवतंय. दोन्हींत जो फरक पडला, तेवढी आजची चूक! सगळ्या केंद्रांच्या चुका बंगळुरूला गोळा होतात, आणि तिथून ‘आज एवढी दुरुस्ती करा’ असा निरोप दुसऱ्या उपग्रहांमार्फत सगळीकडे जातो. तो निरोप सगळीच मनगटी घड्याळं ऐकत नाहीत. पण नागपूरवरून जाणाऱ्या विमानाला तो फार मोलाचा असतो.

चूक येते तरी कुठून? बरीचशी हवेतून. जमिनीपासून खूप वर, शंभर किलोमीटरच्याही वर, सूर्यप्रकाशानं विजेचे कण सुटे झालेला एक थर आहे. त्याला आयनोस्फिअर म्हणतात. त्यातून येताना संदेश रेंगाळतो. भारत पृथ्वीच्या चुंबकीय विषुववृत्ताजवळ असल्यामुळे आपल्या डोक्यावर या थराची खळबळ जरा जास्तच, त्यातही सूर्य मावळल्यावर. काही नवी घड्याळं म्हणून एकाच उपग्रहाच्या दोन वेगवेगळ्या लहरी ऐकतात. दोन्ही सारख्या रेंगाळत नाहीत. त्यांच्यातल्या फरकावरून किती उशीर झाला ते घड्याळ ओळखतं.

दुसरी चूक येते इमारतींमुळे. संदेश सरळ न येता उंच भिंतीवर आपटून येतो, त्याची वाट लांबते, आणि घड्याळाला वाटतं उपग्रहच लांब आहे. याची गंमत बघायची असेल, तर वर्धा रोडवर चला. तिथे खाली रस्ता, वर उड्डाणपूल आणि त्याच्याही वर मेट्रो, असा ३.१४ किलोमीटर लांबीचा डबल डेकर पूल आहे. २०२२ मध्ये त्याची गिनीज बुकात नोंद झाली. त्याच्याखालून चालत जा आणि घरी येऊन नकाशावरची रेघ बघा. वर आभाळच झाकलेलं, त्यामुळे रेघ कधी दुभाजकावर, कधी समोरच्या दुकानात शिरलेली दिसेल. ‘काहून बे, मी दुकानात कधी गेलो?’ असं घड्याळालाच विचारावंसं वाटेल. अशा वेळी घड्याळ आतल्या दुसऱ्या ज्ञानेंद्रियाची मदत घेतं. हाताचे झोके मोजणारा एक सूक्ष्म सेन्सर त्यात असतो. झोक्यांवरून पावलं आणि पावलांवरून अंतर, असा अंदाज करत ते वेळ निभावून नेतं. सेमिनरी हिल्सच्या दाट झाडीतही थोडंफार असंच होतं.

जीपीएस फक्त माणसांच्याच अंगावर असतं असं नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यात एक तरुण वाघ होता, टी-१-सी-१. फेब्रुवारी २०१९ मध्ये त्याच्या गळ्यात जीपीएसचा पट्टा बसवला. पुढे हा वाघ स्वतःचं घर शोधायला निघाला आणि चालतच राहिला. विदर्भातले जिल्हे, तेलंगण, पुन्हा महाराष्ट्र, शेतं, नाले, रस्ते ओलांडत शेवटी तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. पट्ट्यानं दर तासाला एक नोंद ठेवली होती, सुमारे ५ हजार ठिकाणं. ती जोडली तर अंतर भरलं ३ हजार किलोमीटरहून जास्त! लोकांनी त्याचं नाव ठेवलं वॉकर. एवढ्या वाटेत तो बहुतेक रात्रीच चालला, म्हणून लोकांना फारसा दिसलाच नाही. हा पट्टा नसता तर वाघ एका जंगलातून दुसऱ्या जंगलात कुठल्या वाटेनं जातो, हे आपल्याला कळलं नसतं.

आता एक डोकं खाजवायचा प्रश्न. आपलं घड्याळ दर सेकंदाला जागा बघतं. वाघाचा पट्टा मात्र तासाला एकदाच, कारण त्याची बॅटरी महिनोन्‌महिने टिकवायची असते. वाघाला काही रात्री चार्जिंगला लावता येत नाही! मग दोन नोंदींच्या मध्ये तो जी वळणं घेत गेला, ती कुठे गेली? आपण तर दोन ठिपके सरळ रेघेनं जोडले. म्हणजे वॉकर खरोखर चालला ते अंतर नोंदीपेक्षा कमी असेल की जास्त? वहीत नागमोडी रेघ काढा, तिच्यावर लांब लांब ठिपके द्या, सरळ जोडा आणि दोऱ्यानं दोन्ही मोजा. उत्तर तुमचं तुम्हालाच सापडेल.

घड्याळ उलटं करून बघितलंत, तर पाठीवर हिरवा दिवा लुकलुकताना दिसतो. तो तुमचं हृदय मोजतो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. हृदयाचा ठोका पडला, की मनगटातल्या बारीक नळ्यांत रक्त भरतं आणि परत येणारा प्रकाश कमी होतो. पुढच्या क्षणी पुन्हा वाढतो. हा चढउतार मोजला की ठोके कळले. पट्टा सैल असला, तर बाहेरचा उजेड आत शिरतो आणि आकडा भलताच येतो. पडताळा घ्यायचा तर दुसऱ्या हाताची दोन बोटं मनगटावर ठेवून अर्धा मिनिट नाडी मोजा आणि दुप्पट करा.

नागपूरकरांनी या आकड्याकडे उन्हाळ्यात आवर्जून बघावं. तीच वाट, तोच वेग, पण डिसेंबरपेक्षा मे महिन्यात ठोके जास्त पडतात. अंग थंड ठेवायला हृदयाला कातडीकडेही भरपूर रक्त पाठवावं लागतं, घामानं अंगातलं पाणीही कमी होतं, म्हणून ते जोरात पळतं. म्हणूनच आपल्याकडे उन्हाळ्यात धावणारे सूर्य वर यायच्या आत घरी परततात. घड्याळ ‘किती कॅलरी जळल्या’ तेही सांगतं, पण तो मोजलेला आकडा नव्हे, तुमचं वय, वजन आणि ठोके यांवरून बांधलेला अंदाज आहे. त्याच्या भरवशावर तर्री-पोह्यांची दुसरी प्लेट मागू नका.

आता राहिली उंची. हे सगळ्यात अवघड. जीपीएस उंची मोजतं ती पृथ्वीच्या एका गुळगुळीत, कल्पनेतल्या आकारापासून. खरी समुद्रसपाटी तशी गुळगुळीत नाही. पृथ्वीच्या पोटात कुठे जड दगड, कुठे हलका, त्यामुळे तिची ओढ सगळीकडे सारखी नाही, आणि समुद्रही कुठे फुगलेला, कुठे दबलेला आहे. श्रीलंकेच्या दक्षिणेला तर तो त्या कल्पनेतल्या आकाराच्या शंभर मीटरहून जास्त खाली आहे! आपल्याकडेही तो खालीच. म्हणून घड्याळानं दुरुस्ती केली नाही, तर झिरो माइलच्या खांबापाशी उभं राहूनही ते ३११ ऐवजी पन्नासहून अधिक मीटर कमी दाखवेल. दुरुस्तीचा तक्ता त्याच्या पोटात असतो.

चांगल्या घड्याळांत उंचीसाठी हवेचा दाब मोजणारा सेन्सरही असतो. वर चढावं तसा दाब कमी होतो, साधारण साडेआठ मीटरला एक हेक्टोपास्कल. रामटेकला गडमंदिराच्या पायऱ्या चढताना ते किती छान मोजतं, बघण्यासारखं आहे.

आणि याच सेन्सरवर एक प्रयोग करता येतो. कुणाकडे असं घड्याळ असेल, किंवा दाब मोजणारा मोबाइल असेल, तर मागून घ्या. उंचीची आपोआप दुरुस्ती बंद करायला सांगा. सकाळी १० वाजता ते टेबलावर ठेवा आणि उंचीचा आकडा लिहून घ्या. हलवू नका. दुपारी ४ वाजता पुन्हा बघा. स्वच्छ उन्हाचा दिवस असेल, तर तुमचं घर पंचवीसेक मीटर वर चढलेलं दिसेल! घर अर्थातच जागच्या जागी आहे. सूर्याच्या तापण्यानं पृथ्वीवरच्या हवेलाही भरती-ओहोटी येते, रोज दोनदा. आपल्यासारख्या उष्ण प्रदेशात सकाळी दहाच्या सुमाराला दाब सगळ्यात जास्त असतो आणि दुपारी चारच्या सुमाराला सगळ्यात कमी, फरक तीनेक हेक्टोपास्कलचा. रात्री दहा आणि पहाटे चारचे आकडेही मिळाले, तर दुसरी भरती-ओहोटी सापडेल. पहाटे चारला उठायला घरचे तयार होतील का, ते मात्र तुम्हीच विचारा. आठवडाभर आकडे लिहा, आलेखाच्या कागदावर ठिपके मांडा, आणि ढगाळ किंवा वादळी दिवस आला तर त्या दिवशी रेघ कशी बिघडली त्याची वेगळी खूण करून ठेवा.